जर्मनीत बाटली चेपू नका

रत्नागिरी-चिपळूणकडून मूल जर्मनीला शिकायला निघालं की घरचे आमसुलं, कुळथाचं पीठ, भाजणी बॅगेत कोंबतात. कोंबा. आगळाची बाटली मात्र नको. फुटली तर डाग जन्मात जात नाही.

पोचल्यावर पहिलं काम पत्ता नोंदवायचं, खोलीत राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत. घरमालकाच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो, नुसत्या भाडेकरारावर भागत नाही.

मग बाटल्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या वापरून टाकायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८. सुपरमार्केटातल्या यंत्रात रिकामी बाटली सारायची, शेवटी बटण दाबायचं, चिठ्ठी येते. ती काउंटरवर दिली की बिलातून पैसे वजा. आपल्याकडे बाटली चेपून टाकायची सवय. तिथे चेपलेली, लेबल फाटलेली बाटली यंत्र परत ढकलतं, कारण त्याला बारकोड आणि अनामतीची खूण वाचायची असते. २००३ पासून हे सुरू आहे. गणपतीपुळ्याच्या वाळूतल्या बाटल्या बघितल्या की २५ सेंटांची करामत कळते.

रविवारी दुकानं बंद. दूध-पाव शनिवारीच आणा.