मंगळावरच्या भेगा आणि औशाची काळी

"सर, हितं घागर भरंना, आन् तुम्ही मंगळावर पाणी शोधायलाव?" लातूर जिल्ह्यात कुठेही बोलायला गेलो की हे कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याचं चुकत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मीही हंडे घेऊन रांगेत उभा होतो. मंगळावरच्या संशोधनानं आपल्या घागरी भरणार नाहीत, हे आधी सरळ सांगतो. मी कुठल्या यानावर कामही करत नाही, कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. तरी मला हा विषय सोडवत नाही, त्याचं कारण आमच्या औशाच्या शेतात आहे.

आपली काळी म्हणजे झिजलेला बेसाल्ट, तोच काळा पाषाण. तो झिजून जी चिकणमाती होते, तिच्या वर्गाला स्मेक्टाइट म्हणतात. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून मे महिन्यात रान फाटतं. लहानपणी वडील भेगेत तुराटी सोडायचे आणि ती कुठवर जाते ते आम्हाला दाखवायचे. 2013 मध्ये मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी गाडीनं तिथल्या गेल नावाच्या विवरात, एका जुन्या तळ्याच्या तळाच्या दगडाला भोक पाडलं. त्या भुकटीत स्मेक्टाइटच निघालं, जवळपास पाचवा हिस्सा. तिथलं पाणी फार आंबट नव्हतं, फार खारटही नव्हतं. सूक्ष्मजीव जगू शकले असते, असं. जगले का, ते अजून कुणालाच सापडलेलं नाही.

पण मला खरं धरून ठेवलं ते भेगांनी. 2021 मध्ये त्याच गाडीला गेल विवरात, डोंगराच्या उतारावर, तळहातावर मावतील एवढ्या षटकोनांची जाळी दिसली. वाळलेल्या चिखलाचीच, पण दगड झालेली. वय साडेतीन अब्ज वर्षांहून जास्त.

चिखल एकदाच वाळला तर एक भेग आधी पडते आणि दुसरी तिला येऊन काटकोनात अडते. इंग्रजी 'टी'सारखी. तीच माती भिजली की भेग मिटते, पण तिथली जागा कच्ची राहते आणि पुढच्या वाळणीला तिथंच फाटते. दरवेळी कोन थोडा सरकतो. पुष्कळ खेपांनंतर तीन भेगा सारख्या कोनांत भेटतात आणि तिकटी तयार होते. मी हे घरी परातीत करून पाहिलं. शेतातली काळी कालवून गच्चीवर ठेवली, वाळली की पुन्हा भिजवली. पहिल्या खेपेला सगळे काटकोन होते. वीसेक खेपांनंतर एके दुपारी कोनमापक लावला तर एका तिकटीचे कोन 118, 123 आणि 119 भरले. आनंदानं आईला गच्चीवर बोलावलं. तिनं बराच वेळ वाकून पाहिलं.

मंगळावरच्या त्या दगडात अशाच तिकटी आहेत. म्हणजे तिथं पाणी एकदा येऊन गेलं नाही, पुन्हा पुन्हा येत-जात राहिलं. जीव सुरू कसा होतो याचा शोध घेणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. लहान रेणू जोडून लांब साखळी व्हायची तर प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. भरल्या तळ्यात ते अवघड. माती वाळताना रेणू दाटीनं जवळ येतात, जोड बसतात. पुन्हा ओल आली की नवे रेणू येऊन मिळतात. कायम बुडालेली जागा नको, कायम कोरडीही नको. पाऊस आणि उन्हाळा दोन्ही पाहणारी जमीन हवी. ही जमीन मला शिकवावी लागत नाही, माझे विद्यार्थी तिच्यावरून चालत कॉलेजात येतात.

एवढं सांगून झाल्यावर एका गावात मागं बसलेल्या आजींनी विचारलं, "मग तिथल्या भेगा बुजल्या का, बाबा?"

बुजल्या, आजी. शेवटच्या वाळणीत पाणी वर गेलं आणि क्षार मागं राहिले. तेच भेगांत साचले, त्यांचाच दगड झाला.