ईओएस-०९ गेला त्या रविवारी

मी नागपुरात एका छोट्या कंपनीत सॅटेलाइट डेटावर काम करतो, म्हणजे रडार इमेज डाउनलोड करायच्या, साफ करायच्या आणि त्यातून धान कुठे लागलं, पाणी कुठे साचलं हे काढून द्यायचं. सैन्याशी आमचा थेट काहीच संबंध नाही, तरी १८ मे २०२५ चा रविवार डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

त्या दिवशी पहाटे ५ वाजून ५९ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून इस्रोचं पीएसएलव्ही-सी६१ रॉकेट उडणार होतं, त्यात ईओएस-०९, जवळपास १७०० किलोचा रडार उपग्रह. खरिपाआधीचं एक काम अडकलं होतं म्हणून टीमला रविवारी यायचंच होतं, मग सर म्हणाले पहाटेच या, मोठ्या स्क्रीनवर लाँच पाहू, तर्री पोहे खाऊ आणि कामाला लागू. मे महिन्यात नागपुरात दहानंतर बाहेर पाय ठेववत नाही, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही.

वातावरण वेगळंच होतं तेव्हा. ऑपरेशन सिंदूरला दोन आठवडेही झाले नव्हते, आणि इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नुकतंच जाहीरपणे सांगितलं होतं की देशाच्या सुरक्षेसाठी किमान १० उपग्रह चोवीस तास काम करताहेत. त्यामुळे हा उपग्रह कशासाठी चाललाय हे सगळ्यांना न सांगता कळत होतं.

आमच्या बिल्डिंगचे सिक्युरिटीवाले काका फौजेतून रिटायर झालेले आहेत, तेही वर येऊन उभे राहिले. "साहेब, हा बॉर्डरवालाच हाये ना?" मी म्हटलं काका, कागदावर याला पृथ्वी निरीक्षण म्हणतात, शेती, जंगल, पूर सगळंच त्यात येतं, पण रडारला रात्रीही दिसतं आणि ढगातूनही दिसतं, म्हणून फौजेला तो हवाच असतो. काकांना काही ते पटेना. "ढगातून कसं दिसन जी?"

वेळ होता म्हणून मी माझ्या पीसीवर गोसेखुर्द धरणाच्या पावसाळ्यातल्या दोन इमेज उघडल्या. एक साध्या कॅमेऱ्याची, त्यात नुसता पांढरा ढग, धरण कुठे आहे तेच कळत नाही. दुसरी रडारची, त्यात जलाशय काळाकुट्ट, भिंत आणि दारं पांढरी चमकणारी. मी समजावलं की या रडारची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची असते आणि ढगातले थेंब तिच्यापुढे इतके बारीक की ती सरळ पार होते, पाणी सपाट असलं की लहर पलीकडे निसटते आणि उपग्रहाकडे काही परत येत नाही म्हणून ते काळं, आणि भिंत, लोखंड, कोपरे असलेली कुठलीही वस्तू लहर परत फेकते म्हणून ती पांढरी. काका स्क्रीनजवळ वाकले, त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हंजे लोखंड लपत नाही. मंग गाड्या बी दिसतीन." आम्ही वर्षानुवर्षं हा डेटा बघतो, पण फौजीच्या नजरेनं त्यात पहिल्यांदा काय दिसतं ते मला त्या क्षणी कळलं.

लाँच झकास झालं. बाजूला जोडलेल्या सहा स्ट्रॅप-ऑन मोटरींसकट पहिला टप्पा नीट, दुसरा विकास इंजिनचा तोही नीट, चार मिनिटं सगळं ठरल्याप्रमाणे. तिसरा टप्पा पेटला, आणि मग थोड्या वेळाने कॉमेंट्री करणाऱ्यांचे आवाज थांबले. ज्यांनी ही लाँच नेहमी पाहिली आहेत त्यांना ती शांतता लगेच कळते. आमच्यातली गोंदियाची पोरगी हळूच म्हणाली, "सर, काहीतरी गडबड आहे." नंतर नारायणन सर पुढे आले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधलं चेंबर प्रेशर, म्हणजे आतला दाब, घसरलं आणि मिशन पूर्ण होऊ शकलं नाही.

तिसरा टप्पा घन इंधनाचा असतो, एकदा पेटला की बंद करून परत पेटवता येत नाही. पाचशे-सव्वापाचशे किलोमीटर उंचीवर टिकायला सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग लागतो, तो मिळाला नाही की उपग्रह कितीही चांगला असो, खाली येतो. पीएसएलव्हीचं हे ६३वं उड्डाण होतं. १९९३ चं पहिलंच उड्डाण फसलं होतं आणि २०१७ मध्ये उपग्रहावरचं आवरण, म्हणजे हीटशील्ड, उघडलं नव्हतं, बाकी तोवर या रॉकेटनं देशाला क्वचितच दगा दिला होता, म्हणून जास्तच लागलं.

पोहे आले, कोणी हात लावेना. मग सरांनीच विषय काढला आणि तासभर आम्ही तेच बोलत बसलो. माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे की उपग्रह गेला म्हणजे फक्त पैसा जात नाही, दोन नजरांमधलं अंतर तसंच राहतं. युरोपचे सेंटिनेल-१ हे रडार उपग्रह आम्ही रोज वापरतो, दोन चालू असले तर तीच जागा सहा दिवसांनी दिसते, एक असला तर बारा. २०२१ च्या डिसेंबरात त्यातला एक बंद पडला तेव्हा ते बारा दिवस म्हणजे काय हे जगानं भोगलं. वैनगंगेचा पूर दोन-तीन दिवसांत येतो आणि उतरतो, बारा दिवसांनी काढलेल्या इमेजमध्ये फक्त चिखल दिसतो. सीमेवर तर रात्रीतून तळ हलतो, तिथे इतक्या दिवसांची फट म्हणजे डोळे मिटून बसणंच.

आणि आपण हे नेहमी ठेच लागल्यावर केलंय. कारगिलनंतर २००१ मध्ये टीईएस हा टेहळणीचा उपग्रह सोडला. २६/११ झाल्यावर आपला स्वतःचा रडार उपग्रह तयार नव्हता, म्हणून इस्रायली रडार लावलेला रिसॅट-२ एप्रिल २००९ मध्ये सोडला, आपला रिसॅट-१ जायला २०१२ उजाडलं. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय सुटायला हवी. २०२४ मध्ये सरकारनं टेहळणीसाठी ५२ उपग्रहांना मंजुरी दिली, त्यातले ३१ खासगी कंपन्यांनी बनवायचे आहेत, हे मला मनापासून योग्य वाटतं, कारण थवा असला की एक गेला तरी बाकीचे बघत राहतात.

त्या दिवशी दुपारी आम्ही जुलैच्या प्लॅनमधली ईओएस-०९ ची ओळ काढली आणि तिथे परत ईओएस-०४ आणि सेंटिनेल टाकले. ईओएस-०४ हा आपलाच रडार उपग्रह फेब्रुवारी २०२२ पासून वर आहे, हा नवा त्याच्याच जोडीला जाणार होता.

३० जुलैला संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी निसार हा भारत-अमेरिकेचा मिळून केलेला रडार उपग्रह वर गेला तेव्हा काका परत वर आले आणि आधी हेच विचारलं की याचा तिसरा टप्पा कोणता. मी सांगितलं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचा, हे जीएसएलव्ही हे वेगळं रॉकेट आहे, तो घन नाही. उपग्रह वेगळा झाला तेव्हा काकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. पण निसारचा डेटा सगळ्या जगासाठी खुला आहे, त्याचं काम जमीन, बर्फ, जंगल मोजायचं, सीमेवर कधी आणि कुठे बघायचं हे त्याच्यावर आपण एकटे नाही ठरवू शकत. काकांना मी तेही सांगितलं. ईओएस-०९ ची जागा रिकामीच आहे, आणि ती आपल्याच रडारनं, आपल्याच रॉकेटनं, लवकरात लवकर भरली पाहिजे.