जुन्या मारुती ८००च्या एसीत आर-१२ऐवजी आर-१३४ए: माझा अनुभव

जिचा एसी आर-१२ या जुन्या गॅसवर चालतो अशी गाडी एसीवाल्याकडे नेली की उत्तर ठरलेलं असतं: "जुना गॅस सोडून १३४ (म्हणजे आर-१३४ए हा नवा गॅस) मारून देतो, अर्ध्या तासात." आर-१२ हा ओझोन थराला घातक अशा सीएफसी वायूंपैकी एक; मॉन्ट्रिअल करारानुसार भारतात सीएफसीचं उत्पादन २०१०पर्यंत बंद झालं, त्यामुळे गॅस बदलणं भागच आहे. पण नुसता गॅस बदलला तर थोडे दिवस गारवा मिळतो आणि मग कॉम्प्रेसर कुरकुरायला लागतो. आर-१२सोबत कॉम्प्रेसरच्या वंगणासाठी असलेलं मिनरल ऑइल आर-१३४एमध्ये विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. शिवाय आर-१२मधल्या क्लोरीनमुळे धातूवर झीज रोखणारा थर बसायचा, तोही आता नाही. म्हणून माझ्या कार्ब्युरेटरवाल्या ८००मध्ये आधी तेलाचा बंदोबस्त केला.

उरलेला आर-१२ रिकव्हरी मशीनने काढून घेतला. कॉम्प्रेसर उतरवून, उलटा धरून, क्लच हाताने फिरवत जुनं तेल काढलं. तेल काळं निघालं किंवा त्यात चकाकणारा चुरा दिसला, तर तो कॉम्प्रेसर परत बसवू नये. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये जाणारा गॅस नियंत्रित करणारी झडप) आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) काढून ठेवले, मगच कंडेन्सर आणि कॉइल फ्लश करून नायट्रोजनने कोरडे केले. पंक्चरवाल्याची हवा इथे चालत नाही, तिच्यात पाणी असतं.

१३४सोबत चालणाऱ्या दोन कृत्रिम तेलांपैकी एस्टर निवडलं, पीएजी नाही. पीएजी हवेतली ओल पटकन शोषतं आणि जुन्या तेलाच्या अवशेषांशी त्याचं जमत नाही; एस्टर थोडं मिनरल ऑइल खपवून घेतं. एकूण तेल कॉम्प्रेसरच्या पट्टीवर लिहिलं असेल तेवढंच.

जोडांतल्या सगळ्या ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या घातल्या, प्रत्येक तेलात बुडवून. होज पाइप इतके जुने होते की बॅरिअर होज (आतल्या अस्तरामुळे गॅस झिरपू न देणारे पाइप) प्रेस करून घेतले. ड्रायर १३४ला चालणाराच हवा, आणि त्याची बुचं अगदी शेवटी, व्हॅक्यूम लावायच्या तोंडावर उघडायची. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये.

१५० पीएसआय नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासले, मग पाऊण तास व्हॅक्यूम आणि नंतर पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते पाहिलं. पुण्यात काटा २९ इंचांवर (पाऱ्याचे इंच, व्हॅक्यूमचं माप) गेला नाही म्हणून पंपाला दोष देऊ नका. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. तिथे २८ इंच म्हणजेच जवळपास पूर्ण व्हॅक्यूम.

खरा घोळ गॅस भरताना होतो. आर-१३४ए आर-१२च्या वजनाच्या ८० ते ८५ टक्केच भरायचा. स्टिकरवर ७०० ग्रॅम असेल तर ५६० ते ५९५. जुने कारागीर ड्रायरवरच्या काचेत बुडबुडे जाईपर्यंत गॅस सोडत राहतात. आर-१२ला ते बरोबर होतं. १३४मध्ये मात्र वजन नेमकं असलं तरी काच दुधाळ दिसू शकते, आणि ती स्वच्छ करायच्या नादात गॅस जास्त होतो, दाब चढतो. काचेकडे पाहूच नका. डबा डिजिटल काट्यावर ठेवा, उभा धरा आणि इंजिन चालू असताना फक्त लो साइडने, म्हणजे कमी दाबाच्या बाजूने भरा. चालू इंजिनात हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह उघडला तर उलट्या दाबाने डबा फुटू शकतो.

बाहेर ३५ अंश, इंजिन १५०० आरपीएमवर: लो साइड २५ ते ४० पीएसआय, हाय साइड २०० ते २४०, हे ठीक. त्याच तापमानाला १३४चा कंडेन्सरमधला दाब आर-१२पेक्षा जास्त असतो आणि तो सिग्नलला उभं राहिल्यावर जाणवतो. माझ्या गाडीत हाय साइडचा काटा ३००कडे निघाला होता. गॅस कमी करून उपयोग नव्हता; कंडेन्सरपुढे जादा पंखा बसवला आणि कंडेन्सर-रेडिएटरमधली फट फोमने बुजवली, तेव्हा आवरला. हाय प्रेशर कट-ऑफ स्विच नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

गॅस भरायच्या पोर्टवर १३४चे अडॅप्टर घट्ट लावा आणि बॉनेटखाली गॅस, वजन, तेलाचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, म्हणजे पुढचा कारागीर त्यात पीएजी ओतणार नाही.