बादलीत किती थेंब?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आंघोळीच्या बादलीत सुगंधी तेलाचे किती थेंब टाकायचे? नुसते टाकणार असाल तर एकही नाही.

हे ऐकून माणसं हिरमुसतात. "अहो, पण तुम्हीच विकता ना तेलं?" विकते. दादरच्या घरातून, छोट्या बाटल्या भरून. म्हणून तर सांगतेय.

तेल पाण्यात विरघळत नाही. कटाच्या आमटीवरचा तवंग कुणाला समजावून सांगावा लागत नाही, मग बाटलीवर लॅव्हेंडरचं चित्र दिसलं की आपण हे का विसरतो? दहा थेंब टाका, हात घालून ढवळा, बघता बघता ते पुन्हा वर येतात. मग तुम्ही तांब्या बुडवता. पहिल्याच तांब्यात तवंगाचा मोठा भाग येतो आणि एका खांद्यावर ओतला जातो. खाली उरतं ते वासाचं पाणी. दहा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा मिली, पण निव्वळ तेल, आणि तेही तळहाताएवढ्या जागेवर.

"मी मिठात कालवून टाकते." मीठ विरघळतं, तेल पुन्हा मोकळं. खाण्याच्या सोड्याचं तेच. दुधातल्या स्निग्धांशाला थोडं तेल धरून राहतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका.

हे सगळं मला २०१४ मध्येही येत होतं, हेच माझं दुखणं आहे. तेव्हा मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. तेल आणि पाणी एकमेकांत का मिसळत नाहीत हे फळ्यावर दर वर्षी काढायचे. आणि शनिवार-रविवारचा एक अरोमाथेरपीचा कोर्स करून घरी आले होते, प्रमाणपत्रासकट.

त्या डिसेंबरात परळला आत्याकडे गेले. तिचे पाय दुखत होते. चाळीतल्या बाहेरच्या खोलीत निळा प्लास्टिकचा टब ठेवला, गरम पाणी ओतलं, दालचिनीच्या सालीच्या तेलाचे पाच-सहा थेंब टाकले. बहुतेक तेलं तरंगतात. दालचिनीचं आणि लवंगेचं पाण्यापेक्षा जड, ती तळाशी जातात. तळाशी पिवळसर मणी लोळताना मी पाहिले. मला ते सुंदर वाटले. आत्याने त्यांच्यावरच टाचा टेकल्या आणि मालिका लावली.

तिला कैक वर्षांची शुगर. "चप्पल पायातून निसटते आणि मला पत्ताच नसतो बघ," असं तिने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. आम्ही दोघी हसलो होतो.

मधे एकदा विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "घोट्याला छान ऊब लागतेय." तळव्यांबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

सकाळी आतेभावाचा फोन आला. "तायडे, आईच्या पायाला काय लावलंस?" दोन्ही टाचांना फोड होते. एक फुटून चिघळला. ड्रेसिंग दोन महिने चाललं. इस्पितळात तरुण डॉक्टरांनी विचारलं, पाण्यात काय होतं? मी म्हटलं, दालचिनी. "मसाल्याची?" मी मान हलवली. तेल हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. खाटेवरून आत्याच म्हणाली, "पाणीच कढत झालं असेल हो, मला कळलं नाही, माझीच चूक."

पुढे कित्येक वर्षं मी तिच्या त्या वाक्याआड लपले. पाणी खरंच गरम होतं. बधिर पायांना नुसतं गरम पाणीही भाजतं, ही काही सबब नाही. पण दालचिनीच्या तेलातलं सिनॅमाल्डिहाइड त्वचा जाळतं हेही खोटं नाही. कशाने किती भाजलं, याचा वाद मी माझ्याशीच अजून घालते. जिंकेन त्या दिवशी पुन्हा हरेन.

तर आता माझ्याकडून बाटली घेणाऱ्याला मी आधी प्रश्न विचारते. शुगर आहे? त्वचेला काही होतं? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर बिनवासाचा द्रवसाबण चमचाभर घ्या, त्यात तीन-चार थेंब आधी नीट कालवा आणि मग पाण्यात सोडा. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. पॉलिसॉर्बेट २० नावाचं, तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य हेच काम करतं, पण ते तेलाच्या निदान चौपट लागतं, काही तेलांना त्याहूनही जास्त. "पण ते केमिकल ना?" हो, आणि लॅव्हेंडरच्या बाटलीतलं लिनालूल, ज्याचा तो वास, तेही केमिकलच. दालचिनी आणि लवंग आंघोळीसाठी मी देतच नाही. संत्र्याची जुनी, अर्धी उरलेली बाटलीही वापरू नका. हवा लागून त्यातल्या लिमोनीनचं जे होतं त्याने अंगावर पुरळ उठू शकतं.

कुणीतरी गाटेफॉसेंची, म्हणजे अरोमाथेरपीला नाव देणाऱ्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाची, गोष्ट सुनावतंच. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले, लॅव्हेंडरने बरे झाले. असतील. त्या गोष्टीत बादली कुठे आहे?

आणि आपली आजी? अभ्यंगाला तेल अंगाला चोळायची, मग उटणं, मग पाणी. तेल पाण्यात ओतताना मी तिला कधी पाहिलं नाही.

मग इतकं करून उपयोग होतो का? माझा खांदा आखडला की मीही लॅव्हेंडर घेते, साबणात कालवून. बरं वाटतं. गरम पाण्याने वाटतं की वासाने, हे मी वेगळं काढून बघितलेलं नाही. खरं सांगायचं तर बघायचं नाही.

आत्या दर दिवाळीला विचारते, "यंदा वासाचं काही आणलं नाहीस?" मी उटण्याचं पाकीट पुढे करते. ती नाकाशी धरते आणि म्हणते, "हे तर नेहमीचंच."