वॉलेस प्रकरण, नोंद सातवी: काळी रेघ, पेन्सिलची रेघ

मंडळी, मागच्या नोंदीला दोन महिने होऊन गेले. एवढ्या दिवसांत एकच काम हातावेगळं झालं, पण ते मनासारखं झालं. मंगळवार, २० जानेवारी १९३१ ची संध्याकाळ आता आलेखकागदावर उतरली आहे. एक मिनिट म्हणजे एक सेंटिमीटर. सहापासून सव्वानऊपर्यंत धरून जवळजवळ दोन मीटरची पट्टी झाली आणि ती आता भिंतीवर आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. विल्यम वॉलेस हा लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड भागात राहणारा, ५२ वर्षांचा, प्रुडेन्शिअल विमा कंपनीचे हप्ते गोळा करणारा माणूस. बुद्धिबळाचा शौकीन. सोमवारी संध्याकाळी तो क्लबात पोचायच्या आधीच तिथे फोन आला. ‘क्वाल्ट्रो’ असं नाव सांगणाऱ्याने निरोप ठेवला की उद्या साडेसातला २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट इथे या. मंगळवारी वॉलेस गेला. तिथे मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ आहे, साउथ आहे, वेस्टही आहे. ईस्ट नाहीच. बऱ्याच जणांना विचारून, एका पोलीस शिपायालाही विचारून तो परत फिरला. पावणेनऊच्या सुमारास घरी आला तेव्हा पुढच्या बैठकीच्या खोलीत त्याची पत्नी जूलिया मृतावस्थेत पडलेली होती. तिचा खून झाला होता, आणि संशय वॉलेसवरच आला.

या प्रकरणाकडे मी बुद्धिबळामुळे वळले, हे पहिल्या नोंदीत आलंच आहे. तेव्हा मी पट्टी रंगवायची ती संशयितांप्रमाणे. नवऱ्याविरुद्ध जाणारं ते लाल, दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवणारं ते निळं. या वेळी ते सगळं पुसलं. आता रंग ठरतो तो एकाच गोष्टीवर: ही माहिती कागदावर कधी आली? त्याच घटकेला लिहिली गेली असेल तर काळी शाई. काही दिवसांनी जबानीत आली असेल तर पेन्सिल. वर्षं उलटल्यावर आली असेल तर पिवळा. एवढ्या एका बदलाने सगळी संध्याकाळ वेगळी दिसायला लागली, कारण काळ्या रेघा फारच थोड्या निघाल्या.

सगळ्यात ठळक काळी रेघ मंगळवारची नाहीच, ती सोमवारच्या फोनची आहे. त्या काळच्या सार्वजनिक फोनला दोन बटणं असत. पलीकडून उत्तर आलं की ‘ए’ दाबायचं, म्हणजे नाणं पेटीत पडून बोलणं सुरू होई. उत्तर आलं नाही तर ‘बी’ दाबून नाणं परत घ्यायचं. क्वाल्ट्रोचा फोन पहिल्या झटक्यात लागला नाही. त्याने एक्स्चेंजकडे तक्रार केली, ऑपरेटरने जोडून दिला आणि अडचण आली म्हणून सात-वीसची नोंद केली. एरवी स्थानिक फोनचा कुठलाच माग राहिला नसता. त्या नोंदीवरून फोनपेटी सापडली, ती वॉलेसच्या घरापासून सुमारे ४०० यार्डांवर. म्हणजे या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा एका अडखळलेल्या फोनमुळे शिल्लक राहिला.

आणि तरीही ती नोंद कुणाच्याच बाजूने झुकत नाही. वॉलेस म्हणाला, मी सव्वासातला घर सोडलं. पेटीपर्यंत चालत तीन-चार मिनिटं, फोन, मग ट्रामने शहरात, पावणेआठच्या सुमारास क्लबात. जमतं. दुसऱ्या कुणी त्याला घराबाहेर पडताना पाहून फोन केला असेल, तर तेही जमतं, कारण सामन्यांचं वेळापत्रक क्लब भरायचा त्या सिटी कॅफेत भिंतीवर लावलेलं होतं आणि येणाजाणाऱ्या कुणालाही वाचता येत होतं. फोन घेणाऱ्या क्लबच्या कप्तानाने आवाज वॉलेससारखा वाटला नाही असं कोर्टात सांगितलं, पण ती साक्ष पेन्सिलची. तिसऱ्या नोंदीत मी लिहिलं होतं की फोन मुद्दाम अडखळवला असणार, एक नाणं वाचवण्यासाठी, आणि त्यावरून माणसाचा स्वभाव कळतो. ते मी आज खोडलं आहे. नोंदीत फक्त अडचण लिहिली आहे, तिच्यामागचा हेतू माझा मी घातला होता.

आता दूध टाकणाऱ्या मुलाकडे येते. सगळा महिना मी त्याच्यापाशीच अडकले होते. जूलियाला जिवंत पाहणारा, खुनी सोडून, तो शेवटचा. दुसरं टोक पक्कं आहे: स्मिथडाउन लेनच्या चौकात सात-सहाच्या ट्रामवर वॉलेस कंडक्टरला पत्ता विचारत होता, म्हणजे त्याने साधारण सहा-एकोणपन्नासपर्यंत घर सोडलेलं असलं पाहिजे. तेव्हा दूध आणि घर सोडणं या दोन टोकांमध्ये किती जागा उरते, यावर नव्वद वर्षं वाद चालला आहे.

मुलाने कोर्टात सांगितलं ते साडेसहाच्या आसपास. ही वेळ त्याने दारात घड्याळ पाहून सांगितलेली नाही. वाटेत चर्चच्या घड्याळात सहा-पंचवीस झालेले त्याने पाहिले होते. पुढे पोलिसांनी त्याला तेच अंतर चालायला लावलं आणि लागलेली मिनिटं त्यात मिळवली. त्याच्या सोबतच्या मुलांचं म्हणणं वेगळं: दुसऱ्या दिवशी आम्हाला तो पावणेसात म्हणाला होता. पेपर टाकणाऱ्या एका मुलाने त्याला त्या दारात पाहिलं ते सहा-सदतीस, अडतीसच्या सुमारास. तिन्ही वेळा पेन्सिलच्या, तिन्ही मुलांच्या तोंडच्या.

या तीन वेळांपासून घर सोडण्यापर्यंतची जागा म्हणून मी कागदाचे तीन तुकडे कापले. एक अठरा सेंटिमीटरचा, एक अकराचा, एक चारचा. पट्टीवर आळीपाळीने ठेवून पाहिले. अठरात वॉलेसला अपराधी ठरवता येतं. चारात येत नाही. अकराचा तुकडा ठेवला की मी तासभर नुसती बघत बसते. त्या वेळात अकरा घाव, अंगावरचं रक्त धुणं (वॉलेसच्या कपड्यांवर रक्त सापडलं नाही), चोरीचा देखावा आणि पुढे कधीच न सापडलेलं हत्यार घेऊन निघणं, एवढं बसवायचं आहे. यातला हिंसेचा भाग वगळून बाकीचं मी घड्याळ लावून करून पाहिलं: जिना चढणं, हात-तोंड-मान धुणं, कोरडं करणं, कपडे बदलणं, खाली येणं. घाईघाईत नऊ मिनिटं लागली. घर माझं, पाणी माझ्या नळाचं, तेव्हा याला पुराव्याचं वजन नाही. पण अठरा मिनिटं म्हणजे ‘भरपूर वेळ’ असं मी याआधी दोनदा लिहिलं होतं, ते आता लिहिणार नाही.

वैद्यकीय वेळेवर फार थांबत नाही. रात्री आलेल्या तज्ज्ञाने शरीराचं तापमान घेतलं नाही, ताठरपणावरून सहाच्या सुमाराची वेळ काढली. सहानंतर तर जूलियाने दूध घेतलं. ती वेळ मी पट्टीवरून उतरवली.

राहिला पिवळा रंग. १९८१ मध्ये, घटनेला पन्नास वर्षं होताना, लिव्हरपूलच्या रेडिओवर एका गॅरेजमधल्या माणसाची हकिगत आली: त्या रात्री एक ओळखीचा तरुण गाडी धुवायला घेऊन आला होता आणि गाडीत रक्ताळलेला हातमोजा होता. त्या तरुणाचं नाव तेव्हापासून उघड घेतलं जातं, आपल्यातही घेतलं जातं. तो आदल्याच वर्षी वारला होता, उत्तर द्यायला नव्हता. हकिगत मी पट्टीवर ठेवली आहे, पिवळ्या रंगात. नाव काढलं आहे. ज्याच्यावर कधी खटलाच चालला नाही, त्याचं नाव माझ्या भिंतीवर नको.

याला कारण वॉलेसचं पुढचं आयुष्य आहे. २५ एप्रिल १९३१ ला ज्यूरीने तासाभरात त्याला दोषी ठरवलं आणि फाशीची शिक्षा झाली. १९ मे रोजी अपील कोर्टाने ती रद्द केली, कारण पुराव्याचा आधार निकालाला नव्हता. खुनाच्या खटल्यात या कारणावरून शिक्षा रद्द होण्याची इंग्लंडमधली ही पहिलीच वेळ. कायद्याने तो सुटला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सोडला नाही. निनावी पत्रं आली, ओळखीचे लोक तोंड फिरवू लागले. शेवटी घर सोडून तो मर्सी नदीपलीकडे ब्रॉम्बरोला राहायला गेला आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये वारला. अंदाज बांधणारे लोक तेव्हाही आपल्यासारखेच होते, आपापल्या परीने हुशार आणि खात्री असलेले.

पट्टी पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की जूलिया तीवर फक्त एका ठिकाणी आहे: दारात, दूध घेताना. म्हणून खाली दुसरी, अरुंद पट्टी जोडली, तिची. त्या दिवशी तिला सर्दी झाली होती. नवऱ्याबरोबर तिने संध्याकाळचा चहा घेतला. ज्या खोलीत ती सापडली, त्याच खोलीत ती पियानो वाजवायची आणि वॉलेस व्हायोलिनवर साथ करायचा. वय सगळीकडे ५२ छापून आलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी जन्माची नोंद शोधल्यावर कळलं की ती १८६१ ची, म्हणजे ६९ वर्षांची. संशयितांबद्दलच्या इतक्या वर्षांच्या तर्कांतून जे हाती लागलं नाही, ते एका जन्मनोंदीतून लागलं, आणि ते तिच्याबद्दलचं होतं. ही रेघ मी काळ्या शाईने काढली.

पुढचं काम सोमवारचं. नवा कागद कापून ठेवला आहे. सात-वीसची खूण करून झाली, आता ट्रामच्या वेळा बसवायच्या आहेत. त्या काळच्या अ‍ॅनफिल्डच्या ट्राममार्गांचा स्वच्छ नकाशा कुणाकडे असेल तर जरूर कळवा.