तुम्ही विचारलंत म्हणून: गलाई सोडून गावाला का आलो

"शेठ, तिकडचा चांगला चाललेला धंदा सोडून गावाला का आलासा?" हे मला लग्नात, मयतीला, विट्याच्या स्टँडवर, कुठंही कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, बऱ्याच जणांची स्वतःची पोरं तिकडं आहेत आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. मी बहुतेक वेळा "तात्यांसाठी आलो" एवढंच म्हणतो, ते खरंच आहे पण पुरतं नाही, आणि उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही म्हणून आज बसून लिहितोय.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. सांगली म्हटलं की लोकांना कृष्णाकाठ, ऊस, हळद आठवते, पण आमचा खानापूर-आटपाडीचा पट्टा दुष्काळी, सह्याद्री सगळा पाऊस तिकडंच अडवतो आणि आमच्यापर्यंत नुसते ढग येतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली शहरात महापूर होता, लोकं बोटीतनं बाहेर काढत होते, आणि त्याच वेळी त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात पाण्याचे टँकर चालू होते. अशा ठिकाणची पोरं गावात राहून काय खाणार, म्हणून ती पिढ्यानपिढ्या गलाईला जात आलीत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात म्हणजे ॲसिडात टाकायचे, टंच काढायचा म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायची, सराफाच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा विकत घ्यायची आणि तिच्यातनं कणकण सोनं काढायचं, दिवसभर भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर छातीत. देशातलं मोठं सराफी गाव सांगा, तिथं आमच्या भागातला माणूस सापडणारच. मी पण मिसरूड फुटायच्या आधी मामाबरोबर तमिळनाडूत गेलो. तिथल्या लोकांनी मला जेवू घातलं, भाषा शिकवली, विश्वासानं सोनं हातात दिलं, त्या गावाचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी विसरत नाही.

मग तात्यांना अर्धांग झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं, आईचे गुडघे आधीच गेलेले. पैसे पाठवून बाई ठेवता आली असती, बरेच जण ठेवतात आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही, ज्याची त्याची अडचण असते. पण तात्यांना उचलून बसवायचं, त्यांचं सगळं करायचं, हे आईनं कुणा परक्या माणसाला करू दिलं नसतं आणि तिला एकटीला झेपलं नसतं. धाकट्या भावानं दुकान सांभाळायचं ठरलं आणि मी बायकापोरांसकट आलो.

दर दोन दिवसांनी मी तात्यांची दाढी करतो. डाव्या हाताच्या अंगठ्यानं गालाची कातडी वर ताणायची, मग ब्लेड खाली आणायचं, उजवा गाल लोंबतो म्हणून तिथं जास्त ताणावं लागतं, आणि हनुवटीखाली एक जुना व्रण आहे तो जपावा लागतो. तो व्रण 1972 च्या दुष्काळातला आहे, खडी फोडताना उडालेल्या चिपेचा. दाढी चालू असताना ते माझ्याकडं बघत नाहीत, दाराबाहेर बघतात, आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर तोंडातनं एकच शब्द कसाबसा काढतात, "सांडवा". म्हणजे तलाव भरला का, जादा पाणी जायच्या वाटेवरनं, सांडव्यावरनं पाणी पडलं का. सगळे शब्द गेले आणि हा तेवढा राहिला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे सहज तोंडात आलंय, पण रोज तेच विचारायला लागले तेव्हा आईला विचारलं आणि मग तिनं जे सांगितलं त्यातच तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर आहे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे तो 72 च्या दुष्काळात झाला. आई-तात्यांचं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली, माझी थोरली बहीण अंगावर पिणारी. दोघंही मस्टरवर, म्हणजे दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर. तात्या सुतकीनं दगड फोडायचे, आई मातीच्या पाट्या डोक्यावरनं भरावावर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, नेऊन टाकायची, बहीण बाभळीला बांधलेल्या झोळीत. जेवायला मिलोची, म्हणजे बाहेरच्या देशातनं आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि मिळाली तर सुकडी, म्हणजे सरकारनं वाटलेलं कोरडं पौष्टिक पीठ. आई सांगते की उन्हानं पाय भाजायचे म्हणून बायका पायाला पळसाची पानं बांधायच्या. गावातली सगळी जातीपातीची माणसं त्या भरावावर एका रांगेत होती, असं त्याआधी गावात कधीच झालं नव्हतं, हे तिचं म्हणणं, आणि तिला ते भुकेपेक्षा जास्त लक्षात आहे.

इथं एक गोष्ट आमच्याच जिल्ह्याची सांगायला पाहिजे. मागेल त्याला काम ही रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे साहेबांची, आणि तिचा पहिला प्रयोग 1965 ला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला. पुढं 1977 ला महाराष्ट्रात कायदा झाला आणि 2005 ला सगळ्या देशासाठी कायदा झाला. आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या एका गावातनं निघालेली गोष्ट देशभर गेली आणि आपल्यातल्या कित्येकांना ते माहीत नाही, पोरांना तर नाहीच नाही. शाळेत सांगा हे.

तर माझ्या आई-बापानं देशसेवा केली. असं मी म्हटलं की लोकं जरा थांबतात, कारण देशसेवा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वर्दी येते. सैन्यातल्या पोरांचा मान आहेच, तो कमी करायचा प्रश्नच नाही. पण उपाशीपोटी डोक्यावरनं माती वाहून ज्यांनी पाण्याची सोय केली, जिच्यावर पुढच्या पन्नास वर्षांत सगळ्या गावाच्या विहिरी चालल्या, त्यांनी देश बांधला नाही तर काय केलं? त्या भरावावर त्यांच्या नावाचा दगड नाही. मस्टर कुठल्या कपाटात कुजलं असेल. मी त्यांचा मुलगा आहे, मी त्यांचे पाय धुतले, औषध वेळेवर दिलं, आणि त्यांनी बांधलेला तलाव डोळ्यादेखत मरू दिला तर मी त्यांचा मान ठेवला असं म्हणता येईल का, हा प्रश्न मला पडला आणि तेव्हापासून तो सुटलेला नाही.

कारण तलाव मरतच होता. पाझर तलावाचं पाणी उपसून वापरायचं नसतं, ते जमिनीत मुरायचं असतं आणि खालच्या बाजूच्या विहिरींना लागायचं असतं, नावातच सगळं आलं. पण वर्षानुवर्षं वरच्या रानातली माती वाहून येते, बारीक गाळ तळाला बसतो, शेणानं सारवलेल्या जमिनीसारखा तळ बंद होतो आणि मग पाणी दिसायला दिसतं पण मुरत नाही, उन्हानं उडून जातं. तलाव भरलेला आणि खाली विहिरी कोरड्या, असं आमच्याकडं झालं होतं. वरनं भरावावर वेडी बाभूळ माजलेली, आणि कुठल्याशा वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात कुणीतरी उत्साहानं भरावाच्या माथ्यावरच पिंपळ लावून गेलेलं. झाड लावणं चांगलं, पण मातीच्या भरावावर मोठ्या मुळांचं झाड लावलं की मुळं आत जातात, पुढं कुजली की तिथनं पाण्याला वाट मिळते आणि एखाद्या जोराच्या पावसात भरावच जायची भीती. ती रोपं लहान होती तोवरच आम्ही काढून ओढ्याकाठाला लावली, जगली.

गाळ काढायचं काम सरकारच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत बसतं, 2017 पासून आहे ही योजना. आम्ही ग्रामपंचायतीतनं अर्ज केला, मशीन मिळालं, ज्याला गाळ पाहिजे त्यानं आपला ट्रॅक्टर आणायचा. दोन नियम आम्ही कडक पाळले, भरावाच्या पायथ्याला लागून खोदायचं नाही आणि गाळाच्या नावाखाली मुरूम वाळू उचलायची नाही. दुसऱ्या नियमावरनं भांडणं झाली, माझ्या चुलत भावाशीच झालं, सहा महिने बोलत नव्हता. आता बोलतो. ज्या माळरानात नांगर दगडाला लागायचा तिथं गाळ टाकून ज्वारी उभी राहिलीय, ते बघायला या कधी.

झाडांबद्दल पण लोकं विचारतात, कुठली लावू म्हणून. मी सागरेश्वरला जाऊन या म्हणतो. कडेगाव तालुक्यातला तो उघडाबोडका डोंगर, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी माणसं गोळा करून तिथं जंगल उभं केलं आणि 1985 ला त्याचं अभयारण्य झालं, साधारण 11 चौरस किलोमीटरचं, माणसानं वाढवलेलं. आज तिथं सांबर आणि चितळ फिरतात. आपल्याच पावसात, आपल्याच दगडात झालंय ते, त्यामुळं आमच्याकडं झाडं येत नाहीत असं म्हणायला आपल्याला जागा नाही. आमच्या ओढ्याला आम्ही करंज, कडुलिंब, उंबर, बोर लावलीत. आईचा आग्रह उंबराचा, म्हणते पाखरं येतात.

देशाबद्दल बोलायचं तर या मातीत वेगळं शिकायला लागत नाही. 1943 पासून तीन वर्षं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इथली शेकडो गावं चालवली, आमचा खानापूर तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. इंग्रजाची रेल्वे अडवली, खजिना लुटला हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच वेळी त्यांनी गावात न्यायमंडळं बसवली, दारू बंद केली, कमी खर्चातली लग्नं लावली, ते मला जास्त मोठं वाटतं. आणि नागनाथअण्णा नायकवडी. धुळ्याचा खजिना लुटणाऱ्यांतला हा वाळव्याचा माणूस, स्वतःचं गाव कृष्णाकाठचं, बागायती, पाण्याला कमी नाही. तरी वयाच्या सत्तरीत, 1993 ला, आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली आणि पुढं वर्षानुवर्षं आमच्या पाण्यासाठी भांडत राहिले. त्यांच्या गावाला त्यातनं काय मिळणार होतं? काही नाही. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गावचं पाणी ही पण त्याच लढाईची पुढची गोष्ट वाटली, मला देश म्हणजे काय हे तिथनं कळतं.

आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय आणि खूप बरं झालंय, डोळ्यात पाणी आलं होतं म्हाताऱ्या माणसांच्या. पण ते पाणी कराडजवळनं कृष्णेतनं टप्प्याटप्प्यानं पंपानं वर उचलून आणावं लागतं, त्याच्या वीजबिलाचा 81 टक्के भार सरकार उचलतं आणि 19 टक्के आपण. म्हणजे मुंबईतल्या रिक्षावाल्याच्या पैशातनं पण आपल्या रानात पाणी येतंय. ते रात्रभर मोकळं सोडून उसात तुंबवायचं आणि सकाळी झेंड्याला सलाम करायचा, हे मला पटत नाही आणि मी ते तोंडावर बोलतो. ठिबक लावा. आणि टेंभू आली म्हणून पाझर तलाव सोडून देऊ नका, त्याला वीज लागत नाही, बिल येत नाही, तो नुसता जपायला लागतो.

मग काय सगळ्यांनी गलाई सोडून यायचं का, असा पुढचा प्रश्न असतो. नाही ना. माझा भाऊ तिकडं नसता तर मी इकडं येऊ शकलो नसतो, घर त्याच्या भट्टीवर चालतं. आई-बापाला सांभाळणं म्हणजे त्यांच्या उशाला बसणंच असं नाही, पण रोज फोन करा, आणि फोनवर नुसतं "जेवलात का" नको, त्यांच्या कामाचं विचारा, त्यांना सांगण्यासारखं खूप असतं. ज्यांची पोरं अजिबातच बघत नाहीत अशा म्हाताऱ्यांना मी सांगतो की आई-बापाच्या आणि ज्येष्ठांच्या सांभाळाचा 2007 चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, निर्वाह भत्ता मिळतो, आणि सांभाळायच्या अटीवर जमीन नावावर करून दिली असेल आणि पोरगं सांभाळत नसेल तर ती परत मागता येते. अर्ज लिहायला लाज वाटते त्यांना, पोराचीच इज्जत जाईल म्हणून. मी दोघांना लिहून दिलाय. एकाच्या बाबतीत अर्ज द्यायची वेळच आली नाही, पोरगं नुसतं ऐकून घरी आलं.

गलाईवाल्यांनो, यात्रेला येता तेव्हा देवळाच्या शिखराला तुम्ही सढळ हातानं देणगी देता, देत राहा, देव आपला आहे. त्यातला थोडा भाग तलावाला द्या. यंदा सांडव्याची भिंत एका बाजूनं खचलीय आणि पिचिंगचे, म्हणजे भरावाच्या उतारावर बसवलेले, दगड सुटलेत, ते आधी करायचंय, गाळ नंतर. दगड आपल्याच माळाचा आहे, गवंडी आणि सिमेंटचा खर्च आहे. आणि ज्यांना रानात गाळ टाकायचाय त्यांनी मार्चच्या आत ग्रामपंचायतीत नाव द्या, ट्रॅक्टर आणि डिझेल तुमचं, पहिला मान कोरडवाहूवाल्याला, बागायतदारांनी थांबायचं.