एमएम ५४०: पुढची एक्सल, ब्रेक आणि मोरचुदाने खाल्लेला पत्रा

मागच्या नोंदीत गाडी घरी आणून जॅक स्टँडवर चढवली होती. तेव्हापासून बरंच काम सरकलंय. पुढची एक्सल खोलून परत बसली, ब्रेक नवे झाले, मागच्या फ्लोअरचा पत्रा बदलला, हेडलाइटला रिले लागले. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी) अजून गुरगुरते. रंगाचं एवढ्यात कुणी विचारू नका. गाडी प्रायमरवर आहे आणि हा पावसाळा बहुतेक तशीच काढणार.

नव्यांसाठी दोन ओळी. गाडी महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर, ऐंशीच्या दशकातली. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार तात्यांकडून घेतलेली. इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०: ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर, टर्बो-बिर्बो काही नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो, हे काढ आणि नवं डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं) इंजिन टाक. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. पण कागदपत्रांचा ताप नसता तरी मी बदललं नसतं. गाडीत जे नवं येईल ते बोल्टवर येईल, आणि जुना भाग परत बसवता येईल असंच येईल, हे मी पहिल्यापासून ठरवलंय. चॅसीवर गॅस कटर चालवायचा नाही. काढलेला प्रत्येक भाग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर. आईचं म्हणणं, माळ्यावर आता पापड-कुरडयांच्या डब्यांना जागा उरली नाही.

पत्रा

मागचं रबर मॅट उचललं तेव्हा खालचा गंज नेहमीचा वाटला नाही. पोपडे निघत होतेच, पण पोपड्यांच्या खाली काही ठिकाणी पत्र्यावर तांबूस, चक्क चकाकणारा थर होता आणि सांध्यांत हिरवट-निळी भुकटी. तात्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, बागेची सगळी औषधं त्याच गाडीतून जायची. मोरचुदाची गोणी मागंच असायची, कधी फुटायची, कधी भिजायची."

मग उलगडा झाला. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात ते चुन्याबरोबर जातं, पण गोणीतलं नुसतं मोरचूद ओलं होऊन लोखंडावर सांडलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. शाळेत प्रयोगशाळेत खिळा बुडवून दाखवायचे तेच. त्यावर आणखी एक गंमत: बसलेलं तांबं, शेजारचं लोखंड आणि मधला ओलावा मिळून छोटी बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजायचं काम लोखंडाकडे असतं. म्हणजे मोरचूद संपलं तरी गंज थांबत नाही. म्हणून द्राक्षपट्ट्यातली जीप घेताना मागचं मॅट उचलून बघा, नुसता इंजिनाचा आवाज ऐकून बयाणा देऊ नका.

अशा पत्र्यावर रस्ट कन्व्हर्टर फासून भागत नाही. तांबूस डाग जिथपर्यंत होता त्याच्या दोन बोटं पुढपर्यंत, स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापला. नवा १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिमीचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा घेतला. नाशिकच्या सातपूरला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवायच्या ब्रेक प्रेसवर जुन्यासारख्या नळ्या (उभार) काढून घेतल्या. वेल्डिंग मिगने, एका दमात ओढायचं नाही. एक टाका इकडे, दुसरा समोरच्या कडेला, मध्ये पत्रा हाताला सोसेल इतका थंड होऊ द्यायचा. नाहीतर पत्रा लाटा मारतो आणि मग डेंटरकडे लांबीचे (पुट्टीचे) डबे रिकामे होतात. वरून झिंक प्रायमर, सांध्यांत सीम सीलर, खालच्या चॅनेलमध्ये पाणी निघायला भोकं मोकळी.

पुढची एक्सल

या गाड्यांच्या पुढच्या हौसिंगला टोकाला बंद गोळा असतो, त्याच्या आत जॉइंट फिरतो. जुन्या विलीज जीपपासून चालत आलेली रचना. गोळ्यावरचं फेल्ट आणि सील गेलं की तेल बाहेर, चिखल आत. माझ्या डाव्या बाजूला गोळ्यावर गंजाचे खड्डे पडले होते, त्यावर नवं सील चार दिवसही टिकलं नसतं. खड्डे भरून, घासून, पॉलिश करून मगच सील घातलं.

खरी मेहनत किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या) शिमची, म्हणजे पातळ चकत्यांची. चाळीस-पन्नासच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग हातात नाचायला लागतं, याचं खापर बहुतेक जण व्हील बॅलन्सिंगवर फोडतात. टायर झिजलेला असू शकतो, टाय-रॉडचे एंड ढिले असू शकतात, पण किंगपिनची बेअरिंग सैल असतील तर बाकी सगळं नवं घालूनही नाच जात नाही. सील काढायचं, अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर, टाय-रॉड सोडलेला, आणि नकलच्या (चाकाबरोबर वळणाऱ्या भागाच्या) आर्मला साधा स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं. किती जोर लावल्यावर नकल हलायला लागते ते काट्यावर दिसतं. मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळेपर्यंत शिम कमी-जास्त करायच्या. शिम वर आणि खाली वाटून घालायच्या, एकाच बाजूला थप्पी लावली तर गोळा मध्यावर राहत नाही आणि सील एका कडेला घासतं. सील काढल्याशिवाय मोजू नका, सीलचा घासही त्या काट्यात मिसळतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुने मिस्त्री बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते काटा बघून हसले. "हाताला कळतं की!" म्हणाले. त्यांच्या हाताला कळतही असेल. माझ्या हाताला अजून कळत नाही, म्हणून काटा.

ब्रेक

सगळ्यांत जास्त वेळ आणि पैसा इथे गेला, आणि तो इथेच जायला हवा होता. लिफ्ट किट, बंपर, विंच या गोष्टी फोटोत छान दिसतात. पण कसारा घाटात उतारावर मागे ट्रक असताना पेडल जमिनीला टेकलं तर विंच कामाला येत नाही.

माझ्या गाडीला चारही ड्रम होते आणि मास्टर सिलिंडर एकेरी. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून पहिला बदल टँडेम मास्टर सिलिंडरचा: पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. पुढे डिस्क, मागे ड्रमच ठेवले, फक्त ड्रम लेथवर साफ करून नवे लायनर आणि व्हील सिलिंडर. डिस्कच्या कॅलिपरचं ब्रॅकेट अंबडला एका टर्नरकडे करून घेतलं, जुन्या बॅकप्लेटच्याच बोल्टवर बसतं.

डिस्क घालणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. ड्रमसाठीच्या मास्टरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असू शकतो. तो पुढच्या डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सुटतच नाहीत, गाडी जड चालते आणि हब तापतो. दुसरं, डिस्कला पेडलवर जास्त जोर लागतो म्हणून बूस्टर हवा, आणि बूस्टरला व्हॅक्यूम हवा. पेट्रोल इंजिनात तो मॅनिफोल्डमधून मिळतो. आपल्या डिझेलला थ्रॉटलच नाही, तर व्हॅक्यूम येणार कुठून? म्हणून मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर घ्यायचा, आणि त्या पंपाला इंजिनाच्या तेलाची लाइन द्यायची. बिगर-पंपाचा स्वस्त अल्टरनेटर गळ्यात मारणारे दुकानदार भेटतात, मागून बघून घ्या.

ऑइल डॉट ४. ते हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे अर्धा उघडा पडलेला जुना डबा वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळत नाही, नाव सारखं वाटतं म्हणून भरू नका.

दिवे, हीटर, नोझल

रात्री समोर मेणबत्ती लावल्यासारखं दिसायचं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर १०.९. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेज १० टक्के घसरलं की सुमारे ३० टक्के पडतो, त्यामुळे दोष बल्बचा नव्हताच. ६०/५५ वॅटच्या दोन एच४ बल्बांचा दहा अँपिअर करंट चाळीस वर्षांच्या स्विचमधून जात होता. दोन रिले, जाड वायर, फ्यूज आणि नीट अर्थ. आता पिनांवर १२.२ येतात. एलईडीची गरज वाटली नाही.

हे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं, थंडीत हीटर प्लगशिवाय उठत नाही. निफाडची थंडी ठाऊक असलेल्यांना तात्या हिवाळ्यात गाडी उतारावर का लावायचे ते सांगायला नको. चारपैकी दोन प्लग मेलेले निघाले. प्रत्येक प्लग सुटा करून मीटरवर बघा, चांगला प्लग एक ओहमच्याही आत दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही. नोझल चारही बदलले. नाशिककराला याचा वेगळा आनंद आहे: सातपूरला बॉशचा नोझलचा कारखाना, ज्याला जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात, आणि घाटमाथ्यावर इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा. मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते नाव कुठून आलं हे माहीत असेल, देव जाणे.

टायर ६.०० – १६ चेच ठेवलेत, बारीक आणि उंच. रुंद टायर घाला म्हणणारे बहुतेक डांबरावरच फिरतात. निफाडच्या काळ्या मातीत पावसानंतर बारीक टायर वरचा गारा कापून खालच्या टणक थरापर्यंत जातो, रुंद टायर वरच लोळतो. आणि टायर घ्याल तर चारही एकाच मापाचे. या गाडीत मध्ये डिफरन्शियल नाही. पुढची-मागची चाकं वेगळ्या मापाची असली, किंवा कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळलात, तर ताण सगळा गिअर आणि शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) येतो.

राहिलेलं

ट्रान्सफर केस स्पायसर १८ घराण्यातली, लो रेंज २.४६. टू व्हीलमध्येही आवाज येतो, न्यूट्रलला टाकली की थांबतो. तळाचं झाकण उघडलं तर तेलात चांदीसारखी भुकटी. इंटरमीडिएट गिअरचे सुईसारखे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात, आणि त्या शाफ्टवर खड्डे पडलेत. रोलर आणि पितळी थ्रस्ट वायसर नाशिकच्याच द्वारकेला मिळाले. शाफ्ट मात्र मिळाला तो वापरलेला, त्यावरही माझ्यासारखेच खड्डे. अंबडला लेथवर नवा करून मिळेल, पण हार्डनिंग नीट झालं नाही तर रोलर तो शाफ्ट वर्षभरात खाऊन टाकतील. कुणी असा शाफ्ट करून घेतला असेल तर कोणतं स्टील घेतलं, हार्डनिंग किती खोल ठेवलं आणि नंतर ग्राइंडिंग कुठे केलं तेवढं सांगा. नवा, डब्यातला पडून असेल तर त्याहून उत्तम, मी येऊन घेऊन जाईन. ते झालं की पेठ रोडला आरटीओत पासिंगची तारीख घेणार.